‘मेमरी किती?’ एवढ्यावर कॉम्प्युटर घेऊ नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एसएसएलसी आणि पीयूसीचे (दहावी-बारावीचे) निकाल लागले की छोट्या जाहिरातींच्या रकान्यात जुने कॉम्प्युटर, लॅपटॉप विकायला निघतात. मजकूर ठरलेला : ‘आय५ कॉम्प्युटर, ५०० जीबी मेमरी, उत्तम स्थितीत, विकणे आहे.’ एवढ्यावर किंमत ठरवायची म्हणजे म्हैस पाण्यात आणि मोल काठावर. आय५ कितव्या पिढीचा, ५०० जीबी म्हणजे हार्डडिस्क की एसएसडी, रॅम किती आणि कुठली, काहीच कळत नाही. बेळगावात कुठल्याही गल्लीतल्या दुकानात मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, हिंदीत विचारा. शब्द एकच, मेमरी. आणि तो दोन अगदी वेगळ्या वस्तूंना लावला जातो. त्या घोळात पैसे नको तिथे खर्च होतात, कधी वर्षाची कामे असलेल्या फाइली जातात. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

रॅम म्हणजे पाटी आणि हार्डडिस्क किंवा एसएसडी म्हणजे वही, असे धरून चला. चालू काम पाटीवर मांडले जाते. लिहायला-पुसायला वेळ लागत नाही, पण वीज गेली की पाटी कोरी. वहीत उतरवलेले मात्र वीज असो-नसो, राहते. एक्सेलमध्ये तासभर भरलेले आकडे सेव्ह करेपर्यंत पाटीवरच असतात. वर्ड-एक्सेल दर दहा मिनिटांनी आपण होऊन एक प्रत ठेवतात खऱ्या, पण फाइलीला एकदाही नाव दिलेले नसेल तर ती प्रत शोधताना घाम फुटतो. आधी नाव द्या, मग टाइप करा.

पाटी लहान पडली तर काय होते? अर्धे गणित वहीत उतरवायचे, पाटी पुसायची, दुसरे मांडायचे, मग पुन्हा पहिले वहीतून पाटीवर घ्यायचे. कॉम्प्युटर अगदी हेच करतो. ४ जीबी रॅमवर विंडोज, ब्राउझरची दहा पाने आणि एखादी मोठी पीडीएफ उघडली की त्याचा निम्मा वेळ या उतरवाउतरवीत जातो. आपण म्हणतो, ‘हँग झाला.’

हँग होण्याचे कारण पाटी की वही, हे घरबसल्या कळते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा. नेहमीचे काम चालू असताना ‘मेमरी’ ८५-९० टक्क्यांवर अडकलेली असेल तर रॅम कमी आहे. मेमरी निम्म्यावर आहे, पण ‘डिस्क’ सुरू झाल्यापासून दहा-दहा मिनिटे १०० टक्क्यांवर आहे, तर रॅमवर पैसे घालून काही होणार नाही. हार्डडिस्क काढून एसएसडी बसवायला हवी. मेमरीच्या पानावर खाली रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरलेत तेही लिहिलेले असते, ‘२ पैकी १’ असे. डिस्कच्या नावाखाली एचडीडी की एसएसडी हेही बहुतेक वेळा दिसते. जुना कॉम्प्युटर विकत घेताना मालकाच्या समोर या दोन पानांचा फोटो काढून घ्या. विकणाऱ्याच्या दहा वाक्यांपेक्षा तो फोटो जास्त सांगतो.

रॅममध्ये जीबीइतकाच पिढीचा प्रश्न आहे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या तिन्हींच्या पट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाची रॅम दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. दाबून बसवू गेले तर स्लॉटच मोडतो. डेस्कटॉपची पट्टी लांब, लॅपटॉपची आखूड, तीही एकमेकांत चालत नाहीत. नवी रॅम आणायला जाताना जुनी पट्टी सोबत न्या किंवा तिच्यावरच्या लेबलचा फोटो तरी न्या. पातळ लॅपटॉपमध्ये पुष्कळदा रॅम मदरबोर्डलाच (आतल्या मुख्य बोर्डाला) झाळलेली असते आणि मोकळा स्लॉटच नसतो. अशा लॅपटॉपमध्ये आज ८ जीबी घेतली तर कायमची ८ जीबी. ‘पुढे वाढवता येईल’ हे तोंडी आश्वासन ऐकून सोडून द्या. स्लॉट आहे का, ते विचारा.

टेबलाखालच्या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात. तो डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू ही आत, पंख्याखाली दडलेली, जेमतेम चार सेंटिमीटर चौरसाची, सगळे हिशेब करणारी चिप. फरक शब्दापुरता वाटेल, पण खानापूरहून फोनवर ‘सीपीयू गेला’ असे सांगितले आणि खरे बिघडलेले असेल वीजपुरवठ्याचे एसएमपीएस, तर दुरुस्त करणारा भलताच भाग घेऊन येतो आणि एक फेरी फुकट जाते. सीपीयू स्वतः क्वचित बिघडतो. ‘पंखा फिरतो, पडद्यावर काही नाही’ किंवा ‘बटण दाबले तरी काहीच हालचाल नाही’ असे जे दिसते तेच सांगा, नाव द्यायची घाई नको.

आय५चेही तसेच. ते इंटेल कंपनीच्या सीपीयूंच्या एका घराण्याचे नुसते नाव आहे. पिढी कळते पुढच्या आकड्यावरून : आय५-२४०० दुसऱ्या पिढीचा, २०११चा, आय५-८४०० आठव्या पिढीचा, २०१७चा, आय५-१२४०० बाराव्या पिढीचा. बाराव्या पिढीचा आय३ दुसऱ्या पिढीच्या आय५ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज १०चा नेहमीचा आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनच्या इंटेल सीपीयूवर चालते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा डबा टायपिंग शिकायला, हिशेब लिहायला अजूनही पुरतो. फक्त किंमत त्या मानाने द्या आणि त्यावर बँकेचे व्यवहार करू नका.

आता वही. हार्डडिस्कमध्ये खरोखरच चकत्या फिरतात. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. ७२००च्या हिशेबाने एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत होतो. हवी ती फाइल वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत थांबावे लागते, त्यात हेड सरकायचा वेळ वेगळा. त्यामुळे विखुरलेल्या लहान फाइली वाचताना हार्डडिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचू शकते, आणि विंडोज सुरू होताना नेमके हेच काम असते. एसएसडीत फिरणारे काही नाही, फ्लॅश चिपमधून सरळ वाचन. तिथे हीच संख्या हजारांत जाते. आठ-दहा वर्षांच्या कॉम्प्युटरला २५६ जीबीची साधी साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी बसवली तर त्याचे वय निम्मे झाल्यासारखे वाटते. दुसऱ्या कुठल्याही बदलाने इतका फरक पडत नाही.

एसएसडी घेताना सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘एम डॉट टू’ या शब्दाने. हा फक्त आकार आहे. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब पट्टी. तिच्या आत साटा असू शकते किंवा एनव्हीएमई ही नवी, वेगवान जोडणी. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबतो, एनव्हीएमई पीसीआयई या जोडणीच्या तिसऱ्या पिढीतच ३५०० एमबीपर्यंत जाते. काही बोर्डांच्या स्लॉटमध्ये फक्त साटा चालते, काहींत फक्त एनव्हीएमई, काहींत दोन्ही, आणि जुन्या बोर्डांवर स्लॉटच नसतो. दोन खाचांची पट्टी बहुधा साटा, एका खाचेची बहुधा एनव्हीएमई. पण खाचेवर विसंबून राहू नका, बोर्डाचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या पानावर पाहा. अडीच इंची साटा एसएसडी घेतली तर डेस्कटॉपमध्ये साटाची डेटा केबल मोकळी आहे का, तेही बघून ठेवा. दोनशे रुपयांच्या आतली ती केबल आणलेली नसते म्हणून काम अडून राहते.

स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये ‘६४ जीबी स्टोरेज’ असे लिहिलेले असते, ती बहुधा ईएमएमसी, म्हणजे बोर्डाला झाळलेली मंद चिप. विंडोज आणि दोन अपडेट यांतच ती भरते. शाळकरी मुलासाठीही ती घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुनी डिस्क तपासायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम पुरतो. त्यात किती तास चालली ते दिसते. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे ३०,००० तास ही अखंड जवळजवळ साडेतीन वर्षांची धाव. पण तासांपेक्षा वरचा रंग बघा. निळा ठीक. पिवळा ‘कॉशन’ दिसला, म्हणजे रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (खराब झालेल्या किंवा व्हायच्या वाटेवरच्या जागा) वाढायला लागलेत, तर सौदा तिथेच संपवा. आपल्याच डिस्कवर पिवळा दिसला तर आधी फाइली दुसरीकडे घ्या, बाकी विचार नंतर. आणि हार्डडिस्कमधून टक्-टक् असा ठराविक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. पुन्हा-पुन्हा चालू करून ‘आता लागते का’ बघणे, दुरुस्तीचे प्रोग्राम चालवणे, वरचे झाकण उघडणे, यातले काहीही केले तर आतल्या चकतीवर ओरखडे पडू शकतात आणि जे मिळण्यासारखे होते तेही जाते.

केबी-एमबीचा घोळ तर रोजचाच. एक बाइट म्हणजे आठ बिट. रोमन लिपीतले एक अक्षर एका बाइटमध्ये मावते. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि कन्नडचेही तीनच. ‘बेळगाव’ शब्दात ब, एकार, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हे, म्हणून १८ बाइट. कन्नडमध्ये ‘बेळगावि’ लिहिले की शेवटच्या वेलांटीसकट सात चिन्हे, २१ बाइट. (या एका बाबतीत तरी दोन्ही भाषांना समान वागणूक आहे.) त्या हिशेबाने हे अख्खे पत्र साध्या मजकुराच्या फाइलीत ३०-४० केबीच्या आसपास बसेल. मोबाइलवर काढलेला एक फोटो ४ एमबीचा, म्हणजे अशी शंभरावर पत्रे.

प्रवेशाचा किंवा नोकरीचा ऑनलाइन अर्ज फोटो ५० केबीच्या आत मागतो तेव्हा हाच हिशेब आडवा येतो. मोबाइलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. तो पेंटमध्ये उघडा, चेहऱ्यापुरता कापा, रिसाइझमध्ये टक्क्यांऐवजी पिक्सेल निवडा, रुंदी ३०० करा आणि ‘सेव्ह अॅज’मध्ये जेपेग (जेपीजी) घ्या. बहुतेक वेळा ५० केबीच्या आत येतो. नुसते फाइलीच्या नावातले पीएनजी खोडून जेपीजी लिहिल्याने आत काही बदलत नाही, अर्ज ती परत फेकतो. जमिनीचा उतारा किंवा मार्क्स कार्ड स्कॅन करताना ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) रंगीत नको. २०० डीपीआय ग्रेस्केल (करड्या छटांचे) पुरते, अक्षरे वाचता येतात आणि पीडीएफ लहान राहते. मूळ स्कॅन व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की तो वाटेत दाबला जातो आणि सर्व्हे नंबरचा ३ आणि ८ एकसारखा दिसायला लागतो.

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ५०० जीबीची ४६५ आणि २५६ची २३८. इथे दुकानदाराने काही ढापलेले नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या पटीत, बाइट तेवढेच. इंटरनेटच्या १०० एमबीपीएसमध्येही ‘बी’ बिटचा आहे, त्याला आठाने भागा : सेकंदाला साडेबारा एमबी.

फसवणूक असते ती वेगळीच. जत्रेत किंवा ऑनलाइन ‘२ टीबी पेनड्राइव्ह’ चारपाचशे रुपयांना मिळतो. आत खरी चिप ८ किंवा १६ जीबीची. ती चालवणाऱ्या कंट्रोलरला खोटे बोलायला शिकवलेले. फाइली चढतात, नावे दिसतात, पण खरी जागा संपल्यावरचे सगळे एकतर हवेत जाते किंवा आधीच्या फाइलींवर लिहिले जाते. एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्राम ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतो. ६४ जीबीचा ड्राइव्ह सेकंदाला २० एमबीने भरायला ५३ मिनिटे लागतात, वाचायला वेगळा वेळ. पण घेतल्या दिवशीच हे करून टाकावे. लग्नाचे व्हिडिओ भरल्यावर कळून उपयोग नाही.

त्या व्हिडिओंवरून आठवले. पेनड्राइव्हवर ३० जीबी मोकळे असताना ५ जीबीची एक फाइल जात नाही, तेव्हा ड्राइव्ह खराब नसतो. तो एफएटी३२ या जुन्या मांडणीत फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. आतले काढून घेऊन एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा. मात्र उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये सीएनसीला (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्राला) प्रोग्राम द्यायचा ड्राइव्ह याच्या उलट : बऱ्याच मशीनना एफएटी३२च कळते. तिथे १६ जीबीचा एक लहान ड्राइव्ह फक्त त्या कामाला ठेवा, गाणी-पिक्चर त्यात नकोत.

पावसाळ्यात आपल्याकडे, विशेषतः खानापूर-कणकुंबीच्या बाजूला, एक तक्रार हमखास येते : रात्री नीट बंद केलेला कॉम्प्युटर सकाळी सुरू होतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, कधी लांब बीप ऐकू येतात. दमट हवेने रॅमच्या सोनेरी टोकांवर थर बसतो. प्लग काढा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. झाकण उघडून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज जाते. स्लॉटच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ढकला, रॅम वर येईल. मऊ पांढऱ्या खोडरबराने सोनेरी टोके दोन्ही बाजूंनी हलकेच पुसा. पॉलिश पेपर नको, सोन्याचा मुलामाच निघून जातो. रबराचा चुरा कोरड्या ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार जातात आणि पुन्हा तोच गंज. खाच जुळवून दोन्ही बाजूंनी दाबा, चिमट्या ‘टक्’ करून बसल्या पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. निम्म्याहून अधिक वेळा एवढ्यावर भागते.

रोज तारीख मागे जात असेल आणि वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवत असतील तर व्हायरस शोधत बसू नका. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा बटणसेल संपलेला असतो. किराणा दुकानातही मिळतो.

वळिवाच्या विजा कडाडू लागल्या की नुसता स्विच बंद करून पुरत नाही. प्लग काढा आणि तांब्याची इंटरनेट केबल असेल तर तीही काढा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असे समजा आणि आधी वायरमन बोलवा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. वीज गेल्यावर १० मिनिटे मिळायला हवीत ती २० सेकंदही मिळत नसतील तर ती बदला. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो तापताना इतकी वीज खेचतो की यूपीएसच बंद पडतो.

राहिली दुसरी प्रत. फाइल एकाच ठिकाणी असेल तर ती नसल्यातच जमा धरा. सोसायटी, दूध डेअरी, दुकान, कोणीही असो, हिशेबाच्या तीन प्रती हव्यात : कॉम्प्युटरवर एक, बाहेरच्या हार्डडिस्कवर एक, आणि तिसरी त्या इमारतीबाहेर, घरी किंवा क्लाउडवर. बाहेरची डिस्क काम झाले की काढून ठेवा. जोडलेली राहिली तर व्हायरस आणि वीज दोन्हींना ती एकदमच सापडते. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, जपून ठेवायला नाही. हार्डडिस्कवरून चुकून पुसलेली फाइल लगेच थांबलो तर परत मिळू शकते. एसएसडी मात्र ट्रिम नावाच्या कामात ती जागा खरोखरच रिकामी करते, मग कोणी कितीही पैसे घेतले तरी काही निघत नाही. आणि एसएसडीत फाइली भरून ती पाच वर्षे कपाटात ठेवू नका. तिच्या पेशींतला विद्युतभार विजेविना हळूहळू उतरतो. वर्षातून एकदोनदा जोडून उघडून बघा.

आपल्याकडे मागणे एवढेच. छोट्या जाहिराती घेताना कॉम्प्युटरच्या जाहिरातीत सीपीयूचा पूर्ण नंबर, रॅमचा प्रकार आणि डिस्कचा प्रकार या तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात. एखादी ओळ वाढेल. ती अशी दिसेल :

‘कॉम्प्युटर विकणे. आय५-८४००, रॅम ८ जीबी डीडीआर४ (एक पट्टी, एक स्लॉट मोकळा), २५६ जीबी साटा एसएसडी, जोडीला ५०० जीबी हार्डडिस्क, १४,००० तास चाललेली, क्रिस्टलडिस्कइन्फोवर निळी. बटणसेल नवा. समक्ष चालवून बघा.’

आपले,
संगणक दुरुस्तीच्या कामातले काही वाचक,
शहापूर, बेळगाव